नात्यात घरमालक बसत नाही

८ मार्च

चि. ठमीस,

फोनवर बोलायला लागलो की आपलं भांडण होतं, म्हणून काय सांगायचं ते लिहून पाठवा, असं तू कळवलंस. बरं झालं. मोबाईलवर एका बोटाने लिहायला मला दिवस लागतो, आणि तो मेला मधेच माझे शब्द बदलतो. जन्मभर छापखान्यात बसून मी लोकांच्या चुका दुरुस्त केल्या. आता एक डबी माझ्या चुका दुरुस्त करणार, हे मला सोसत नाही. ‘ठमे’ म्हटलेलं अजून चालतं ना? चालत नसेल तर पुढच्या वेळी सांग.

तर तुम्ही मोठ्या घरात जाताय आणि जुनं भाड्याने देणार. देण्याआधी काय बघावं, असं विचारलंस. ‘तुम्हाला अनुभव आहे म्हणून’ असंही शेवटी लिहिलंस. आहे, अनुभव आहे.

आधी घर नीट बघून घे. प्रत्येक नळ, प्रत्येक बटण स्वतःच्या हाताने चालवून बघ. भिंतीला ओल असेल तर वरून रंग फासून झाकू नकोस, सांगून टाक. रिकाम्या घराचे फोटो काढून ठेव, कोपऱ्यांचेसुद्धा. विजेच्या मीटरचा आकडा दोघांच्या समोर लिहा. भिंतीत खिळे ठोकलेले चालणार की नाही, कुत्रं-मांजर चालणार की नाही, हे आधी बोलून घे. नंतर बोललं की ते भांडण होतं. एक किल्ली स्वतःकडे ठेव, पण ती घेऊन न विचारता आत शिरू नकोस. घर तुझं असलं तरी दार त्यांचं असतं.

दलालावर सगळं सोपवू नकोस. त्याला घर भरायचं असतं. पुढचं निभवायचं आपल्यालाच असतं.

आणि राहायला कोण कोण येणार आहे ते बघ. म्हणजे समोर बसवून बघ, दोन गोष्टी बोल. कागदावर सगळी माणसं सारखीच दिसतात.

इकडे सगळं ठीक. खाली, तुझ्या आईच्या शिवणवर्गाच्या खोल्यांत, गेल्या वर्षापासून आई-मुलगा राहतात. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. कामासाठी बाहेर असतो. त्याच्या आईला सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भाडं वेळेवर येतं. त्रास काही नाही. संध्याकाळी जरा गडबड असते, एवढंच. ती वेळ होत आली, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
बाबा


२७ मार्च

चि. ठमीस,

तू अगदी तुझ्या आईवर गेलीस. एवढं मोठं पत्र लिहिलं, नळ सांगितले, मीटर सांगितला, आणि तुझं उत्तर दोन ओळींचं: ‘बाहेर असतो म्हणजे नक्की कुठे असतो? आणि संध्याकाळी तुम्हाला खाली काय काम असतं?’

सांगतो. पण वाचून लगेच फोन करू नकोस.

दलालाने त्याला आणला तेव्हा तो चाळिशीचा, स्वच्छ कपड्यातला, खाली मान घालून बोलणारा माणूस होता. नखांत काळं ग्रीस. मला नखांत कामाचा रंग असलेली माणसं आवडतात, माझ्या नखांत शाई असायची. म्हणाला, “काका, मी आणि आई. आम्ही दोघंच.” मी विचारलं, आई कुठे आहेत? “गाडीत बसल्यात. पायऱ्या चढायचा कंटाळा करतात.” मी खिडकीतून डोकावलो तर गाडीत एक पांढऱ्या केसांची बाई ताठ बसली होती. मी हात हलवला, तिनेही हलवला. झाली भेट.

दलाल म्हणाला, पोलिसांकडची नोंद मी करून टाकतो, जुन्या घरमालकाला फोन मी करतो. करार मी दोनदा वाचला. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त करून घेतल्या आणि सही केली. वेलांट्या बघितल्या, माणूस बघायचा राहिला.

पहिले काही महिने छान गेले. माझी दारावरची बेल त्याने न सांगता दुरुस्त करून दिली. खालून कधी आवाज वाढायचा, भांडं पडल्यासारखा, मग एकदम शांत व्हायचं. म्हातारं माणूस आहे, होतं असं, म्हणून मी वरून खाली उतरलो नाही. मग एका सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यात भेटला. “काका, बाहेरगावी काम निघालंय. दोन दिवसांत येतो. आईकडे जरा लक्ष ठेवाल?” आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, अरे त्यात काय! निघताना त्याने मला वाकून नमस्कार केला. दोन दिवसांसाठी कोण एवढं वाकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

खाली गेलो तर मावशी खुर्चीत बसलेल्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, “या, या. कुणाचे बाबा तुम्ही?” मी म्हटलं, मावशी, मी वरचा. घरमालक. “असू दे,” म्हणाल्या, “पण मूल कुठलं तुमचं? लाल स्वेटरवालं का?”

ठमे, त्यांनी जन्मभर पाळणाघर चालवलंय. नवरा लवकर गेला, घरातच पंधरा-वीस मुलं सांभाळून त्यांनी मुलाला वाढवलं. आता कालचं काही आठवत नाही, समोरचं कळत नाही, पण पाळणाघर चालू आहे. दिवसभर तशा शांत असतात. भरवलं की जेवतात, गाणं लावलं की ऐकतात. ऊन कललं की मात्र त्या दारात जाऊन उभ्या राहतात. कुणाचं तरी मूल राहिलंय, अजून न्यायला कुणी आलं नाही, असं त्यांना वाटतं. मग जीव कासावीस होतो. कडी काढून रस्त्यावर जायला बघतात. मी हात धरला तर ओरडतात, कारण परक्या पुरुषाने पाळणाघरात शिरून हात धरलेला असतो. म्हणून आता मी त्यांना धरत नाही, नुसता शेजारी उभा राहतो. मीही कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवतो. अंधार पडला की त्या दमतात आणि आत येतात.

हे माझं संध्याकाळचं काम.

त्याचा फोन लागेना. त्याच्या कंपनीत गेलो तर म्हणाले, बदली मागून गेला, कुठे ते सांगता येणार नाही. कपाट उघडलं तर आत औषधांच्या पट्ट्या, साबण, मऊ फडकी, बदलायचे कपडे, सगळं कित्येक महिने पुरेल इतकं, घड्या घालून रचलेलं. कपाटासमोर उभं राहून मी रडलो नाही, चिडलोही नाही. फक्त तिथेच खाली बसलो. मावशी आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “येईल हं आई. रस्त्यात असेल.”

झालं, आता कळलं तुला.

बाबा


१५ एप्रिल

चि. ठमीस,

तुझं पत्र आलं. पहिलं पान मी जसं वाचायला हवं तसं, खाली मान घालून वाचलं. पोलिसात का नाही गेलात, वकील का नाही गाठलात, तुम्ही काय धर्मशाळा उघडलीय का?

अगं, गेलो होतो. पोलीस ठाण्यातला साहेब माणूस म्हणून चांगला होता, त्याने चहा पाजला. म्हणाला, “मोठा माणूस स्वतःच्या पायाने गेलाय, त्याला हरवलेला कसं म्हणू? बाई घरात आहेत, उपाशी नाहीत, मारहाण नाही. मी कुणाला पकडू?” मी म्हटलं, नोंद बघा तरी. बघितली. दलालाने नोंद केलीच नव्हती. त्यावर तो साहेब माझ्याकडे असा बघायला लागला की चूक माझीच आहे. होतीच म्हणा.

वकिलाने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, “भाडं थकलंय?” मी म्हटलं, नाही हो, पहिल्या तारखेला खात्यात येतं, एक दिवस चुकत नाही. “मग करार कुठे मोडलाय?” म्हणाला, “घर त्यांनी घेतलंय, त्यात त्यांची आई राहते. आईला सोडून मुलाने कुठे जायचं नाही, असं कलम घातलं होतं का तुम्ही?” असं कलम कोण घालतं गं? करार संपला की बघू, म्हणाला.

निराधारांच्या निवाऱ्यात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलगा आहे, भाडं भरतो, म्हणजे या निराधार नाहीत. वृद्धाश्रमात गेलो तर ते म्हणाले, मुलाची सही आणा. मुलगा असल्यामुळे एक दार बंद आणि मुलगा नसल्यामुळे दुसरं. परत येताना बसमध्ये मला एकदम लख्ख कळलं, त्या पोराने घर भाड्याने घेतलंच नव्हतं. त्याने घरमालक भाड्याने घेतला होता.

आणि एकदा त्याचा फोन आला, तेही तुला सांगायचं राहिलं. अनोळखी नंबर. पहिलं वाक्य काय, तर “काका, भाडं पोचलं ना?”

मी म्हटलं, “भाड्याचं काय घेऊन बसलायस? आई इथे एकटी आहे!”

“जेवते का?”

“जेवते.”

मग तो म्हणाला, “माझ्या हातचं थुंकून टाकायची. मुलं पळवणारा आलाय म्हणून ओरडायची. रात्रभर दार वाजवायची. काका, मी बारा-बारा मजल्यांच्या खड्ड्यात दोरावर काम करतो. झोप नसली की हात सुटतो. एकदा सुटला.”

“मग मला आधी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर खोली दिली असती?”

ठमे, दिली नसती. कुणीच दिली नव्हती त्याला, तीन-चार ठिकाणी खरं सांगून बघितलं होतं, म्हणाला. त्याने फोन ठेवला. तो नंबर नंतर लागत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या पानाकडे येतो. ते मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. सातवा महिना! सात महिने पोटात बाळ घेऊन हिंडतेस आणि बापाला नळ-मीटर विचारतेस! लपवण्यात आपण दोघंही सारखेच निघालो. रागवत नाही. आई गेल्यावर तू मला तिकडे राहायला बोलावलं होतंस, तेव्हा ‘घरजावई ऐकलाय, घरसासरा नाही ऐकला’ असं मी म्हणालो होतो. मला तो विनोद वाटला होता. तुम्हा दोघांना नाही वाटला, आणि तिथून दोन वर्षं गेली.

‘आई असती तर तिला बोलावलं असतं. आता तुम्ही या’ असं तू लिहिलंस. मी येणार. काहीही झालं तरी येणार. तुझी तारीख जवळ आली की महिनाभर येऊन राहतो. मला भाजी चिरता येते, कपडे वाळत घालता येतात, आणि बाळ रडलं तर घेऊन फेऱ्या मारता येतात. तुझ्या वेळी मीच मारायचो.

बाबा


३० मे

चि. ठमीस,

तिकीट काढलं! रविवारी दुपारची गाडी. मावशींसाठी दिवसरात्र राहणारी बाई मिळाली. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंनीच शोधून दिली. इस्पितळात काम केलेली आहे, हात हलका आहे. मावशींनी तिला पाळणाघरातली नवी मदतनीस समजून कामाला लावलंय, त्यामुळे दोघींचं जमलं. औषधवाल्या बाईही येता-जाता डोकावणार आहेत. जाऊ का मावशी, लेकीकडे बाळ येणार आहे, असं मी त्यांना विचारलं. तर म्हणाल्या, “किती महिन्यांचं? सहा महिन्यांच्या आतलं मी घेत नाही हो.”

तुझ्या आईने तुझ्यासाठी शिवलेली दुपटी ट्रंकेत होती. धुऊन उन्हात घातली आहेत. काही विरलीत, पण विरलेलं कापड बाळाला मऊ लागतं.

नव्या शर्टाला इस्त्री करून आणली. दाढी मात्र निघायच्या सकाळीच करीन. जावईबापूंना सांग, स्टेशनवर यायचा त्रास घेऊ नका. आणि आलेच तर मला आवडेल, हेही सांग.

भेटूच.

बाबा


१२ जून

चि. ठमीस,

तू फोन उचलत नाहीस. जावईबापूंनी एकदा उचलला, म्हणाले, “मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. ती आत्ता बोलणार नाही, बाबा.” त्यांनी ‘बाबा’ म्हटलं, तेवढ्यावर मी उभा आहे.

काय झालं ते तुला कळायला हवं. तू फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

रविवारी मी स्टेशनवर होतो. गाडी लागली होती, बॅग वर ठेवली होती, समोरच्या बाकावरच्या माणसाशी नात होणार की नातू यावरही बोलून झालं होतं. तेवढ्यात औषधवाल्या बाईंचा फोन आला. “काका, मावशी पडल्या. उठवत नाहीये. तुमची बाई आंघोळीला गेली होती, तेवढ्यात कडी काढून पायरीवरून गेल्या.”

मी म्हटलं, इस्पितळात न्या, मी पैसे पाठवतो. म्हणाल्या, “नेतो, पण तिथे माणूस लागेल. मी दुकान उघडं टाकून आलेय. आणि त्या सारखं विचारतायत, लाल स्वेटरवाल्याला कोण बघतंय?”

मी दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. समोरचा माणूस म्हणाला, काय झालं? काही नाही म्हटलं. गाडी हलायच्या आत उतरलो. कसा उतरलो, मला खरंच सांगता येणार नाही. तुझा चेहरा डोळ्यांसमोर होता आणि पाय उलटीकडे चालले होते.

इस्पितळात त्यांना स्ट्रेचरवर झोपवलं होतं. खुबा मोडला होता. वेदना इतकी की ओरडायचंही बंद केलं होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करावं लागेल, नातेवाइकाची सही हवी. खिडकीतला कारकून फॉर्म पुढे ठेवून विचारतो, “नातं?”

“घरमालक.”

“नात्यात घरमालक बसत नाही, काका.”

“मुलगा आहे, पण तो सापडत नाही.”

“मग कुणीतरी सापडणारं सांगा.”

मागे रांग होती. मी सांगितलं, ही बाई माझी कुणी नाही हो, माझी लेक तिकडे वाट बघतेय, माझी गाडी गेली. त्याने पेन खाली ठेवलं आणि वाट बघत राहिला. तो वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं, डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं, मावशींच्या तर नव्हतंच. सगळ्यांच्या हातांत काही नसलं की ते फिरून फिरून एकाच्या हातात येतं. मी लिहिलं, ‘भाऊ’, आणि खाली सही केली. जन्मभर चुका खोडत आलो, ही मी स्वतः घातली.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा तुला कळा सुरू झाल्या होत्या, हे जावईबापूंकडून नंतर कळलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि मला वाटत होतं की मी तुझ्याच इस्पितळात बसलोय. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, “तुमचं पेशंट ठीक आहे.” मी तिला विचारलं, “मुलगा की मुलगी?” ती हसली नाही. बिचारीने मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं ठरवलं होतं. पण त्या बाईने घाबरून काम सोडलं. आणि घरी सोडायच्या कागदांवर लिहिलं होतं, रुग्णाला भावाच्या ताब्यात द्यावे. ते कागद घेऊन निवाऱ्यात मी पुन्हा जाऊन आलो. त्यांच्याकडे आता मुलासोबत भावाचीही नोंद झाली आहे.

तू रागाव. मी तुझ्या जागी असतो तर मीही रागावलो असतो. परक्याच्या आईसाठी थांबलात आणि मुलीसाठी नाही, असं तू म्हणशील. म्हण. मला याचं उत्तर येत नाही. येत असतं तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

बाबा


२१ ऑगस्ट

चि. ठमीस,

जावईबापूंनी बाळाचा फोटो पाठवला. कपाळ तुझ्या आईचं आहे. नाव काय ठेवलं हे त्यांनी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. ते तू सांगशील तेव्हा.

तुमच्या जुन्या घरात भाडेकरू आले असंही ते म्हणाले. तू त्यांना घरी बोलावून, समोर बसवून, मग होकार दिलास म्हणे. चांगलं केलंस. त्यांची माणसं, त्यांची म्हातारी, त्यांचे आजार, हे सगळं विचारलंस का? विचारलं असशील तर त्यांनी खरं सांगितलं असेल, अशी आशा कर. आणि खरं सांगितलं तर काय करायचं, ते मला विचारू नकोस. मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट सांगायची आहे. तो आला होता, लिफ्टवाला.

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, गाडी घेऊन. दारात उभा राहिला, पायातले बूट काढून हातात धरून. वाळला होता. म्हणाला, “औषधवाल्या बाईंनी कंपनीत निरोप ठेवला होता, उशिरा मिळाला. तिकडे एक जागा बघितलीय, काका. आजारी म्हाताऱ्यांना ठेवतात. सही मी करीन. न्यायला आलोय.”

त्याला काय काय बोलायचं, हे मी महिनोन्‌महिने पाठ केलं होतं. स्वयंपाक करताना बोलायचो, फडकी पिळताना बोलायचो. माझी चुकलेली गाडी, तुझं बाळंतपण, सगळं त्याच्या तोंडावर फेकणार होतो. पण त्याने ते बूट असे छातीशी धरले होते की मला म्हणावं लागलं, “अरे, ठेव ते खाली.”

मावशी खुर्चीत होत्या. आता वॉकरला धरून चार पावलं टाकतात, बाकी वेळ खुर्ची. तो समोर जाऊन म्हणाला, “आई.”

त्यांनी त्याला नीट बघितलं. घाबरतील, ओरडतील, म्हणून मी पुढे झालो. तर त्या म्हणाल्या, “आज उशीर झाला का? असू दे. कामावरून दमून आलात.”

“आई, मी आहे.”

“हळू बोला हो,” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “आत्ताच निजलंय. दुपारभर रडलं. आता उठवू नका. उद्या न्या.”

तो खाली बसला, त्यांच्या पायांशी. मग स्वतःच्या आईला त्याने विचारलं, “मावशी, त्रास देतं का हो ते?”

“छे! गुणी आहे,” मावशी म्हणाल्या. “जरा वाट बघतं, एवढंच. पण तुम्हाला रागवत नाही हं.”

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर त्याच्या गाडीचा चालक काच पुसत होता.

तो उठला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी एक शब्द बोललो असतो, घेऊन जा बाबा, तर त्याने उचलून नेलं असतं. त्या ओरडल्या असत्या, गल्ली जमली असती, आणि मी मोकळा झालो असतो. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तुझ्याकडे येऊ शकलो असतो. ठमे, हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “निजलंय म्हणतात ना. उद्या ये.”

“येतो,” म्हणाला.

तो आला नाही. येणार नाही हे तो जिन्यात वळला तेव्हाच मला कळलं होतं. करार मागच्या महिन्यात संपला, त्याचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. वकिलाला कळवायला हवं. कळवीन.

मी माझा बिछाना आता खाली आणलाय. त्यांना मधेच पाणी लागतं, कूस बदलून द्यावी लागते, वर-खाली करून माझे गुडघे जातात. म्हणजे स्वतःच्या घरात मी भाडेकरूकडे राहायला आलोय. औषधवाल्या बाईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या काउंटरच्या मागे वाकून काहीतरी शोधत राहिल्या.

वरचा मजला रिकामा आहे. हे दलालाला कसं कळलं देव जाणे, तो काल दारात हजर. “काका, वरच्या खोल्या पडून आहेत म्हणे. पार्टी तयार आहे, अगदी सज्जन माणूस.” मग पुढे होऊन म्हणाला, “उगाच बंद ठेवून काय करणार? कुणी यायचंय का?”

मी म्हटलं, “हो. माणसं यायची आहेत. बाळ आहे त्यांच्यात.”

तो गेल्यावर वर जाऊन तिन्ही खोल्या झाडल्या, खिडक्या उघडल्या. पंख्याची धूळ पुसली. त्याच्याशी खोटं बोललो की खरं, हे माझ्या हातात नाही.

बाबा